भूमिकाखेळांतील कथेचा कस



शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानांत कादंबरी, नाटक, संतवाङ्मय आणि चरित्र हे विषय अपेक्षितच असतात. त्यांच्या पंक्तीला संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांचा विषय आलेला पाहून काही ज्येष्ठ सभासदांच्या मनात शंका उभी राहिली असल्यास ती अस्थानी नाही. ग्रंथालयाचा आणि व्हिडिओ गेमचा संबंध काय, असे कोणीही विचारील. ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे की ग्रंथालय हे कथेचे घर आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांत कथा सांगण्याची एक नवी रीत जगात रुजली आहे. ग्रंथालयाच्या सभासदांची मुले-नातवंडे त्या रीतीने कथा अनुभवीत आहेत. काही सभासद स्वतःही अनुभवीत असतील. ह्या रीतीत सामान्य प्रतीचे पुष्कळ आहे. परंतु सामान्य प्रतीचे पुष्कळ कादंबरीतही आहे, आणि एकोणिसाव्या शतकात कादंबरीवाचनाने तरुण पिढी बिघडते अशी ओरड आपल्याकडेही झाली होती. चांगले कोणते, सामान्य कोणते हे सांगणारी टीका निर्माण झाली, तेव्हा ती ओरड आपोआप मंदावली. संगणकखेळांच्या बाबतीत मराठीत अजून ते काम व्हायचे आहे. खेळ वाईट की चांगले, मुलांनी ते किती वेळ खेळावेत, एवढ्यापुरतीच आपली चर्चा थांबते. त्यांतील कथा बरी की वाईट, आणि ती कशावरून, हा प्रश्न विचारलाच जात नाही. आजच्या विवेचनाचा विषय तो प्रश्न आहे.

प्रथम ह्या प्रकाराची ओळख करून घेणे आवश्यक आहे. इंग्रजीत ज्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्याला आपण ‘भूमिकाखेळ’ म्हणू. ह्याचा उगम संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चार-सहा मित्रांनी मेजाभोवती बसावे, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घ्यावी, आणि एकाने सूत्रधार व्हावे. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि कृती सफळ झाली की नाही ते फासे ठरवतात. साहित्य म्हणावे तर कागद, पेन्सिल आणि अनेक पैलूंचे फासे. पुढे संगणक घरोघरी येऊ लागला तेव्हा सूत्रधाराची जागा त्याने घेतली. १९८१ साली अमेरिकेत ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे दोन खेळ आले; १९८६ साली जपानात युजी होरी ह्यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला, आणि अमेरिकी मुळाच्या ह्या रोपाला जपानी मातीत निराळीच फळे धरू लागली.

सूत्रधार माणूस असतो तेव्हा खेळाडूने कितीही अनपेक्षित गोष्ट केली तरी तो आयत्या वेळी कथा वळवून घेतो. कीर्तनकार समोरचा श्रोतृवर्ग पाहून आख्यान लांबवतो किंवा आटोपते घेतो, तसेच ते. ह्या खेळांतील संगणकाला ते जमत नव्हते. तेथे खेळाडूच्या प्रत्येक संभाव्य कृतीचे उत्तर लेखकाला आधीच लिहून ठेवावे लागते. हिशेब करून पाहावा. कथेच्या प्रत्येक वळणावर तीन वाटा ठेवल्या आणि त्या पुन्हा कोठेच एकत्र आणल्या नाहीत, तर अवघ्या दहा वळणांनंतर ५९ हजार ४९ निरनिराळे शेवट लिहावे लागतील. इतके लेखन कोणत्याही संस्थेच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून भूमिकाखेळाच्या लेखकापुढे दोनच मार्ग उरतात. कथेची वाट एकच ठेवून ती खोल करावी, किंवा वाटा फोडाव्यात आणि खेळाडूच्या नकळत त्या पुन्हा एकत्र आणाव्यात. सर्वसाधारणपणे जपानी लेखकांनी पहिला मार्ग धरला, युरोप-अमेरिकेतील लेखकांनी दुसरा. ह्या दोहोंची तुलना करताना पहिल्यात स्वातंत्र्य नाही म्हणून तो हलका, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नाटकाच्या प्रेक्षकालाही स्वातंत्र्य नसते.

मग कस कोणता लावायचा? खेळाच्या जाहिरातींत तीन मापे नेहमी पुढे केली जातात : खेळ किती तासांचा, संवाद किती लाख शब्दांचे, आणि शेवट किती प्रकारचे. ही तीनही मापे पोत्यातील धान्य तोलण्याची आहेत. कथेचा कस त्यांनी कळत नाही. त्याऐवजी चार प्रश्न विचारता येतात. खेळाडू हाताने जे करतो आणि कथा जे सांगते, त्यांचा मेळ आहे काय? खेळाडूच्या निवडीचा परिणाम अर्थपूर्ण आहे काय? भाषा आणि पात्रे स्वतःच्या पायावर उभी राहतात काय? आणि शेवट आधीच्या साऱ्या प्रवासाला न्याय देतो काय? ह्या प्रश्नांच्या कसोटीवर पाच खेळ घासून पाहू.

पहिला खेळ १९८५ सालचा : ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’. त्याचा कर्ता रिचर्ड गॅरियट त्या वेळी अवघा चोवीस वर्षांचा होता. आधीच्या खेळांबद्दल आलेली पत्रे वाचताना त्याच्या ध्यानात आले की खेळाडू गावकऱ्यांना लुटतात, दुकानदारांना मारतात, आणि तरीही शेवटी नायक म्हणून मिरवतात. तेव्हा त्याने असा खेळ रचला की ज्यात मारण्यासाठी कोणी महाखलनायकच नाही. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि विनय हे आठ गुण अंगी बाणवून आदर्श पुरुष होणे हेच ह्या खेळाचे उद्दिष्ट. शीर्षकातील ‘अवतार’ हा शब्द त्याने हिंदू परंपरेतूनच उचलला. खेळाच्या आरंभी एक भविष्य सांगणारी स्त्री सात प्रश्न विचारते, आणि प्रत्येक प्रश्नात दोन गुण एकमेकांसमोर उभे ठाकतात. विश्वासाने सोपवलेली पैशांची थैली पोहोचवायची आहे आणि वाटेत भुकेला याचक भेटला, तर काय करावे, अशा धर्तीचे ते प्रश्न असतात. पुढे वनस्पती विकणारी एक आंधळी बाई भेटते. तिच्याकडून माल घेताना किती नाणी द्यायची ते खेळाडूच्या सचोटीवर असते. कमी दिली तर ती काही बोलत नाही. परंतु संगणक नोंद ठेवतो, आणि बऱ्याच काळाने खेळाडूला कळते की आपल्या खात्यात सत्य उरलेले नाही.

आपल्याकडच्या वाचकाला येथे मोक्षपटाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सापशिडीच्या ह्या पूर्वजातही सद्गुण ही शिडी आणि दुर्गुण हा साप असे. परंतु मोक्षपटावर सोंगटी शिडीवर चढते की सापाच्या तोंडी जाते, ते दानावर अवलंबून असते; खेळणाऱ्याच्या वर्तनाचा तेथे काही संबंध नाही. गॅरियटने ते दान काढून घेतले आणि त्या जागी वर्तन ठेवले. हे त्याचे मोठे पाऊल. ह्या खेळाची भाषा मात्र अगदी बाळबोध आहे. पात्रे दोन-चार ठरीव वाक्यांपलीकडे बोलत नाहीत. शिवाय गुण आकड्यांत मोजल्यामुळे दयेपोटी दिलेले दान आणि आकडा वाढवण्यासाठी दिलेले दान ह्यांत संगणकाला फरक करता येत नाही. पहिल्या दोन प्रश्नांना हा खेळ उत्तम उत्तर देतो, तिसऱ्यावर उणा पडतो.

दुसरा खेळ ह्याच्या अगदी उलट टोकाचा : जपानच्या स्क्वेअर ह्या कंपनीचा १९९७ सालचा ‘फायनल फँटसी ७’. ह्याची वाट एकच. खेळाडूने काहीही केले तरी कथेचे मोठे टप्पे बदलत नाहीत. तरीही जगभरच्या खेळाडूंच्या एका पिढीला कोणत्या खेळाने रडवले असे विचारले, तर ह्याचेच नाव पुष्कळदा पुढे येते. कथा संपायला पुष्कळ अवकाश असतानाच एअरिथ ही नायकाची सहचारिणी डोळ्यांदेखत मारली जाते. हा मृत्यू एवढा का झोंबतो, ह्याचे कारण केवळ कथेत सापडत नाही. ते खेळात सापडते. तोवर खेळाडूने तिच्यासाठी शस्त्रे निवडलेली असतात, लढाईत तिच्या उपचारांवर भिस्त ठेवलेली असते, कित्येक तास खर्चून तिची शक्ती वाढवलेली असते. एका क्षणात तिची जागा रिकामी होते, आणि पुढच्या लढाईत उपचारांसाठी तिचे नाव शोधणारा हात थबकतो. वाचकाला पात्राचा वियोग होतो तेव्हा त्याची सवय मोडत नाही; येथे ती मोडते.

ह्या प्रसंगावर एक रास्त आक्षेप आहे. ह्याच खेळात लढाईत पडलेल्या सोबत्याला ‘फिनिक्स डाऊन’ नावाच्या वस्तूने पुन्हा उभे करता येते. मग एअरिथलाच का नाही? कृती आणि कथा ह्यांचा मेळ येथे सुटतो, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याच खेळात ह्या उणिवेची भरपाई करणारी एक विलक्षण रचना आहे. नायक क्लाउड आपल्या पूर्वायुष्याची हकीकत सोबत्यांना सांगतो, आणि खेळाडू ती हकीकत स्वतः खेळतो. त्या आठवणीत फिरतो, लढतो. पुढे उघड होते की ती आठवणच खोटी होती. क्लाउड ज्या पदाचा मान मिरवतो ते त्याला कधी मिळालेच नव्हते. तो एक सामान्य शिपाई होता, आणि मेलेल्या मित्राचे आयुष्य त्याने अजाणता आपले मानले होते. अविश्वसनीय निवेदक कादंबरीला नवा नाही. परंतु कादंबरीत वाचक खोटे ऐकतो. येथे त्याने ते स्वतःच्या हातांनी केलेले असते, म्हणून उलगड्याचा धक्काही स्वतःच्या आठवणीला बसतो. एकाच वाटेची कथा खेळाच्या माध्यमाचा किती खोल उपयोग करू शकते, ह्याचा हा उत्तम पुरावा आहे.

तिसरा खेळ १९९९ सालचा, अमेरिकेतील ब्लॅक आइल स्टुडिओचा : ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’. क्रिस ॲव्हलोन हा त्याचा प्रमुख लेखक. ह्याचा नायक एका शवागारात दगडी मेजावर जागा होतो. त्याला नाव नाही, आठवण नाही. अंगभर जखमांचे व्रण आणि गोंदलेला मजकूर आहे. त्याला मरण येत नाही. मेला की काही वेळाने उठून बसतो. असे तो असंख्य वेळा मेला आहे, आणि मरणागणिक विस्मृतीत गेला आहे. आधीच्या प्रत्येक आयुष्यात तो निराळा माणूस होता. कधी कनवाळू, कधी निर्दय, कधी वेडा. ज्यांना त्याने त्या आयुष्यांत वापरून घेतले ते आता त्याला भेटतात. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या एका स्त्रीचे भूत भेटते; तिचा मृत्यू त्यानेच हेतुपुरस्सर घडवलेला असतो. उपकाराच्या शपथेने बांधलेला एक योद्धा भेटतो. ती शपथ त्याला आता बेडीसारखी झालेली असते.

ह्या खेळाचे मर्म एका साध्या निरीक्षणात आहे. बहुतेक सगळ्या संगणकखेळांत खेळाडू मरतो आणि पुन्हा उठतो. ही केवळ एक सोय आहे. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ‘टॉरमेंट’ने ती सोयच कथेचा विषय केली. नायक मरणातून उठतो तेव्हा त्याच्या वाट्याचे मरण जगात दुसऱ्या कोणाला तरी घ्यावे लागते, आणि त्या बळींच्या सावल्या त्याचा माग काढीत असतात. हे कळल्यावर आधी सहजपणे पत्करलेल्या प्रत्येक मरणाचा हिशेब खेळाडूच्या मनात सुरू होतो. येथे कृती आणि कथा ह्यांच्यात सांधाच दिसत नाही, कारण दोन्ही एकच आहेत.

नायकाला अमरत्व देणारी रॅव्हेल नावाची जादूगारीण त्याला एक प्रश्न विचारते : माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो? आपल्याकडच्या वेताळपंचविशीत वेताळही राजाला प्रश्न विचारतो. राजा जाणत असून बोलला नाही तर डोक्याची शकले होणार, आणि बरोबर बोलला तर वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लटकणार. तेथे प्रत्येक प्रश्नाला एक न्याय्य उत्तर ठरलेले आहे, आणि तो न्याय सांगण्याची शक्ती हीच राजाची परीक्षा. रॅव्हेल मात्र कोणतेही उत्तर स्वीकारते. प्रेम, पश्चात्ताप, मृत्यू, काळ, खेळाडू जे म्हणेल ते. ते उत्तर त्याचे स्वतःचे असावे, एवढेच तिला हवे असते. ह्या ठिकाणी निवडीचा परिणाम जगावर होत नाही. तो निवडणाऱ्यावर होतो. शेवटी नायक आपल्या दुरावलेल्या मर्त्यत्वाला सामोरा जातो, आणि शहाणपण पुरेसे कमावले असेल तर शस्त्र न उगारता, केवळ बोलून, कथेचा निकाल लावू शकतो. तो सुटत मात्र नाही. जुन्या पापांचे फळ भोगायला त्याला जावेच लागते. खेळाची विक्री त्या वेळी बेताचीच झाली. त्यातील लढाया कंटाळवाण्या आहेत, उत्तरार्ध घाईने उरकलेला आहे, हे दोष खरे आहेत. परंतु भाषेच्या सामर्थ्यावर खेळ उभा राहू शकतो हे ‘टॉरमेंट’ने ठामपणे सिद्ध केले.

चौथा खेळ पोलंडचा : सीडी प्रोजेक्ट रेड ह्या कंपनीचा २०१५ सालचा ‘द विचर ३’. आंद्रेई सापकोव्स्की ह्या पोलिश लेखकाने १९८६ सालापासून लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांच्या विश्वावर तो आधारलेला आहे. त्यांतील एका उपकथेचा येथे विचार करू. युद्धाने उजाड झालेल्या मुलुखात एक दारुडा जहागीरदार आहे. त्याची बायको आणि मुलगी नाहीशा झाल्या आहेत, आणि त्यांचा शोध लावला तर तो नायकाला हवी ती माहिती देणार आहे. शोध घेताना हळूहळू कळते की तो बायकोला मारहाण करीत असे, एका मारहाणीनंतर तिचा गर्भपात झाला, आणि मायलेकी त्याच्या जाचाला कंटाळून पळाल्या. लेखकाने त्याला राक्षस केलेले नाही, निर्दोषही ठरवलेले नाही. अंत्यसंस्कारावाचून पुरलेल्या त्या अर्भकाचे पिशाच झाले आहे. त्याला मारावे, की बापाने त्याला कडेवर घेऊन नाव द्यावे आणि शांत करावे, ही निवड खेळाडूपुढे येते. दुसरा मार्ग घेतला तर रडणारे ते भेसूर मूल हातांत धरून रात्रीच्या अंधारातून चालणारा तो माणूस दिसतो, आणि त्याच्याविषयी काय वाटावे हेच कळेनासे होते.

पुढे एका झाडात कोंडलेला आत्मा भेटतो. त्याला मोकळे करावे की नष्ट करावे? मोकळे केले तर दलदलीतील अनाथ मुले वाचतात, पण जहागीरदाराची बायको मरते आणि तो स्वतः गळफास घेतो. नष्ट केले तर बायको वाचते, पण तिची बुद्धी भ्रष्ट झालेली असते आणि अनाथ मुले बळी पडतात. निवड करताना ह्यांतील काहीच ठाऊक नसते. परिणाम बऱ्याच अवधीनंतर समोर येतो, तेव्हा मागे जाऊन चूक दुरुस्त करण्याची वेळ टळून गेलेली असते. ‘अल्टिमा’तील आकड्यांची उणीव येथे भरून निघाली आहे. येथे पुण्याचा आकडा कोणी वाढवीत नाही; फक्त माणसे वाचतात किंवा मरतात. वाटा फोडण्याच्या मार्गाचे हे सर्वांत परिपक्व उदाहरण म्हणावे लागेल. तथापि ही उपकथा संपल्यावर मूळ कथा पुन्हा ओळखीच्या साहसकथेच्या वळणाने जाते, आणि एका बाजूला मुलीच्या शोधाची घाई, तर दुसऱ्या बाजूला गावोगावी पत्ते खेळत फिरण्याची मुभा, असा विसंवादही राहतो.

पाचवा खेळ २०१९ सालचा ‘डिस्को एलिझियम’. एस्टोनिया ह्या चिमुकल्या देशातील काही लेखक-कलावंतांच्या गटाने तो घडवला. त्यांचा म्होरक्या रॉबर्ट कुर्वित्झ ह्याने ह्याच विश्वावर २०१३ साली एस्टोनियन भाषेत एक कादंबरी लिहिली होती. ह्या खेळात नेहमीच्या लढाया नाहीत. दारूने स्मृती गमावलेला एक पोलीस अधिकारी एका पडक्या वस्तीतील खाणावळीच्या खोलीत जागा होतो. खाणावळीच्या मागे झाडाला एक प्रेत लटकत असते, आणि गोदी कामगारांचा संप चालू असतो. खेळाडूची चोवीस कौशल्ये म्हणजे त्या माणसाच्या डोक्यातील चोवीस आवाज. सहानुभूती एक सांगते, तर्क दुसरे सांगतो, व्यसन तिसरे सुचवते, आणि हे सारे एकमेकांना खोडून काढीत भांडतात. माणसाचे अंतर्मन रंगवण्यासाठी कादंबरीने जे शोधले, ते येथे खेळाच्या नियमांतच बसवलेले आहे.

ह्या खेळाची दुसरी थोरवी अपयशाविषयी आहे. बहुतेक खेळांत फासा उलटा पडला की खेळाडू जुन्या नोंदीवर परत जातो आणि पुन्हा प्रयत्न करतो. येथे अपयशही लिहिलेले आहे, आणि पुष्कळदा ते यशापेक्षा अधिक मार्मिक लिहिलेले आहे. फजिती झाल्यावर शेजारी उभा असलेला किम कित्सुरागी हा सहकारी काय म्हणतो, चष्म्याआडून कसा पाहतो, ह्यातून त्या दोघांचे नाते घडत जाते. त्या संयमी सहकाऱ्याचा विश्वास संपादन करणे हेच हळूहळू खेळाचे खरे उद्दिष्ट होऊन बसते. दोष सांगायचा तर खुनाचा उलगडा. खुनी असा कोणी निघतो की जो तोवर कथेत दिसलेलाच नसतो. रहस्यकथेच्या नियमांनी पाहता ही फसवणूक आहे. पराभूत क्रांतीचा तो विसरला गेलेला शेवटचा सैनिक आहे, हे कळल्यावर त्या नगराच्या इतिहासाला मात्र पूर्णविराम मिळतो. रहस्य हरते, आशय जिंकतो.

शेवटाचे महत्त्व पटवणारी एक घटना येथे सांगणे योग्य होईल. कॅनडातील बायोवेअर ह्या कंपनीने ‘मास इफेक्ट’ ही तीन खेळांची मालिका २००७, २०१० आणि २०१२ साली आणली. पहिल्या खेळातील निवडी तिसऱ्यापर्यंत सोबत येत. पाच वर्षे जपलेल्या ह्या निवडी शेवटी जवळपास सारख्याच दिसणाऱ्या तीन पर्यायांत विरून गेल्या, तेव्हा खेळाडूंनी एवढा निषेध केला की कंपनीला त्याच वर्षी शेवटाची विस्तारित आवृत्ती विनामूल्य द्यावी लागली. लेखकाने वाचकाच्या दडपणाने शेवट बदलावा काय, हा वाद जुना आहे. परंतु येथे वाचक स्वतःला सहलेखक मानत होता, आणि तसे मानायला त्याला कंपनीनेच शिकवले होते. वाटा फोडण्याचे आश्वासन देणाऱ्याने त्या कोठे जुळवणार ह्याचा विचार आरंभीच केला पाहिजे, हा त्यातील धडा.

आता तुलनेचा निष्कर्ष. तत्त्वाच्या धाडसात ‘अल्टिमा ४’ पहिला. भावनेच्या परिणामात ‘फायनल फँटसी ७’. परिणामांच्या गुंफणीत ‘विचर ३’. भाषा आणि मनोविश्लेषण ह्यांत ‘डिस्को एलिझियम’. परंतु सर्व प्रश्न एकत्र विचारले तर अग्रपूजेचा मान ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’कडे जातो. त्याची कथा कादंबरीत उतरवली तर तिचा गाभाच हरवेल, कारण मरून उठण्याचा अपराध वाचकाने केलेला नसेल. जी कथा दुसऱ्या माध्यमात तशीच सांगता येते ती त्या माध्यमाची उसनवारी. जी सांगता येत नाही ती त्याची स्वतःची मिळकत. नाट्याचे, चित्रपटाचे मूल्यमापनही असेच होत आले आहे. वाटांची संख्या, शब्दांची संख्या, तासांची संख्या ह्यांना ह्या निवाड्यात स्थान नाही.

ह्या विवेचनाचा आपल्या भाषेशी आणि ह्या वास्तूशी काय संबंध, हे सांगून आवरते घेणे उचित होईल. उल्लेखिलेल्या पाचांपैकी एकही खेळ अधिकृतपणे मराठीत नाही. पोलंड आणि एस्टोनिया ह्या देशांनी आपली पिशाचे, आपला इतिहास, आपले पराभव ह्या माध्यमात आणले आणि जगाने ते पाहिले. एस्टोनियन भाषा बोलणारे तर अवघे अकरा लाखांच्या आसपास आहेत. भाषकसंख्येची सबब मराठीला सांगता येणार नाही. आरंभ अगदीच झाला नाही असे नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ आणला. तो भूमिकाखेळ नव्हे, साहसखेळ आहे. परंतु हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात, हे लक्षणीय आहे. वेताळाचा प्रश्न आणि मोक्षपटाची शिडी ज्या भाषेच्या घरात आहे तिला सामग्रीची वाण नाही. वाण आहे ती चांगल्या-वाईटाचा निवाडा करणाऱ्या वाचकवर्गाची.

दुसरी गोष्ट जतनाची. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१०पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दूरस्थपणे दाखवण्याची परवानगी मागितली. तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये ती नाकारली. शंभर वर्षांपूर्वी छापलेले पुस्तक ह्या इमारतीच्या कपाटातून काढून आज वाचता येते. चाळीस वर्षांपूर्वीचा खेळ मात्र ते यंत्र, ती चकती आणि ती परवानगी ह्या तिन्हींवाचून मुका होतो. ‘अल्टिमा ४’ आज विनामूल्य मिळतो, ‘टॉरमेंट’ची सुधारित आवृत्ती २०१७ साली निघाली, म्हणून त्यांच्याविषयी बोलता येते. जे लुप्त झाले त्यांची तुलना कोण करणार?

ग्रंथालयाला खेळांची कपाटे उभारणे कदाचित शक्य होणार नाही, आणि ‘विचर’ किंवा ‘डिस्को एलिझियम’सारखे खेळ तर प्रौढांसाठीच आहेत. परंतु एक काम अल्प खर्चात होण्यासारखे आहे. वाचनकक्षात एक नोंदवही ठेवावी. जो तरुण सभासद असा एखादा खेळ पूर्ण करील, त्याने त्यातील कथा, आपण केलेल्या निवडी आणि त्यांविषयीचे आपले मत मराठीत दोन पाने लिहून ठेवावे. ज्येष्ठ सभासदांनी ती पाने वाचावीत, आणि खाली आपली शंका लिहावी. कथेविषयी दोन पिढ्यांनी एकाच भाषेत वाद घालणे, ह्यासाठीच तर ही वास्तू शंभर वर्षे उघडी राहिली आहे.